अलौकिकाची अट : रामानुजनविषयक चरित्रवाङ्मय आणि पात्रतेची पारख

१

श्रीनिवास रामानुजन यांच्याविषयी आजवर निर्माण झालेले वाङ्मय विपुल आहे आणि विविधही आहे. १९२७ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संकलित शोधनिबंधांच्या आरंभी पी. व्ही. शेषु अय्यर व आर. रामचंद्र राव यांचा चरित्रलेख आणि जी. एच. हार्डी यांचा मृत्युलेख आहे. या वाङ्मयाची पायाभरणी तेथे झाली. त्यानंतर हार्डी यांची १९४० साली ग्रंथरूप झालेली व्याख्याने, ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचे १९६७ मधील पुस्तक, आशीष नंदी यांचे १९८० मधील मानसशास्त्रीय विवेचन, रॉबर्ट कॅनिगेल यांचे १९९१ मधील बृहच्चरित्र आणि डेव्हिड लेव्हिट यांची २००७ मधील ‘द इंडियन क्लार्क’ ही कादंबरी अशी ही परंपरा वाढत गेली. नाटक आणि चित्रपट यांनीही त्या आयुष्याला हात घातला आहे.

या सर्व लेखनाचे हेतू निरनिराळे आणि लेखकांच्या दृष्टीही निरनिराळ्या असल्या, तरी त्याच्या केंद्रस्थानी एकच प्रसंग वारंवार येतो. १९१३ सालच्या जानेवारीत केंब्रिजमधील एका प्राध्यापकाच्या हाती मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, आलेले एक जाडजूड पाकीट पडते. अपरिचित कारकुनाने पाठविलेली ती सूत्रे प्रथम वेडगळ वाटतात. दिवसभर ती मनात घोळत राहतात, आणि रात्री सहकारी लिटलवुड यांच्यासह ती पुन्हा पाहिल्यावर हे काम असामान्य प्रतिभेचे आहे असा निर्णय होतो. हार्डी यांच्या आत्मपर निबंधाच्या १९६७ च्या आवृत्तीस सी. पी. स्नो यांनी जी प्रस्तावना जोडली, तिच्यामुळे हा प्रसंग सर्वतोमुखी झाला. नाट्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. वाचकाला सत्य आधीपासून ठाऊक असते आणि परीक्षकाला ते हळूहळू उमगत जाते. अशा रचनेचा आनंद शाकुंतलातील अंगठीपासून भारतीय वाचकाच्या परिचयाचा आहे.

परंतु हाच प्रसंग केंद्रस्थानी ठेवल्यामुळे एका महत्त्वाच्या प्रश्नाची मांडणीच बदलून जाते. वसाहतीच्या काळात एतद्देशीय माणसाच्या पात्रतेचे मूल्य कोण ठरवीत होते आणि कोणत्या साधनांनी ठरवीत होते, हा तो प्रश्न. तो मागे पडून ‘रत्न कोणी ओळखले?’ एवढाच प्रश्न पुढे येतो. पूर्वग्रह म्हणजे दृष्टिदोष, आणि त्यावर उपाय म्हणजे अधिक चांगला पारखी, अशी समजूत वाचकाच्या मनात नकळत रुजते. प्रत्यक्ष पुरावा मात्र वेगळेच काही सांगतो. प्रतिभा दिसली नाही, एवढ्यावरून वर्णविषयक पूर्वग्रह सिद्ध होत नाही. साध्या पात्रतेसाठी प्रतिभेची अट घातली गेली, यावरून मात्र तो नि:संशय सिद्ध होतो. रामानुजनविषयक वाङ्मयाचे मूल्यमापन या दृष्टीने होणे आवश्यक आहे.

२

चरित्रकारांनी आपल्या कथनात अवतरणांपुरती वापरलेली काही कागदपत्रे स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून वाचण्याजोगी आहेत. ती म्हणजे रामानुजन यांचे अर्ज. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसाकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याचे, एफ. ए. पर्यंत शिकल्याचे, प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण खुंटल्याचे आणि सारा वेळ गणितात घालविल्याचे त्यात नमूद आहे. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे इंग्रज प्राध्यापक मिडलमास्ट यांचे प्रशस्तिपत्र होते. त्यात गणितातील असामान्य कुवतीची प्रशंसा होती, आणि उमेदवार आकडेमोडीत फार चपळ असल्याची ग्वाहीही होती. कचेरीच्या उपयोगाची गोष्ट ही दुसरीच. १ मार्च रोजी दरमहा ३० रुपयांवर रामानुजन रुजू झाले.

यानंतर अकरा महिन्यांच्या आत, १६ जानेवारी १९१३ रोजी, हार्डी यांस लिहिलेले पत्र निघाले. त्याची ठेवण पाहण्याजोगी आहे. पहिल्याच वाक्यात लेखक आपली ओळख कचेरी, खाते आणि वार्षिक २० पौंड पगार यांनी करून देतो. त्यानंतर विद्यापीठीय शिक्षण नसल्याची कबुली येते, मग स्वत:ची वाट स्वत: काढल्याचे निवेदन, मग स्थानिक गणितज्ञांच्या अभिप्रायाचा उल्लेख, आणि त्यापुढे पानेच्या पाने सूत्रे. शेवटी आपण गरीब असल्याचे सांगून, काही मोलाचे आढळल्यास प्रसिद्धीस साहाय्य करण्याची विनंती केलेली आहे. चरित्रकारांना या पत्रात भाबडेपणा दिसला. वस्तुत: ते अर्जाच्या रीतीचे पक्के भान असलेले लेखन आहे. हुद्दा, पगार, शिक्षण, शिफारस आणि प्रार्थना हा क्रम सरकारी अर्जाचा आहे. त्या साच्यात मध्यभागी गणित बसविलेले आहे एवढेच.

२७ फेब्रुवारी १९१३ च्या दुसऱ्या पत्रात हे भान अधिकच स्पष्ट होते. हार्डी सिद्धता मागत होते. रामानुजन उत्तर देतात की, आपल्या पद्धती एकदम सांगितल्या असत्या तर लंडनच्या प्राध्यापकाने जे म्हटले तेच हार्डींनीही म्हटले असते. पुढे ते म्हणतात की, मेंदू शाबूत राखण्यासाठी प्रथम अन्न हवे, आणि हार्डींचे एक सहानुभूतीचे पत्र मिळाल्यास विद्यापीठाकडून वा सरकारकडून शिष्यवृत्ती मिळविणे सोपे जाईल. गणिताची सत्यता आणि सहीची किंमत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या पंचवीस वर्षांच्या कारकुनाला पुरते उमगले होते. त्याच्या पुष्कळशा चरित्रकारांना मात्र ते तितकेसे उमगलेले नाही.

कारण सहीवाचून ओळख झालीच नव्हती असे नाही. व्ही. रामस्वामी अय्यर यांनी १९०७ साली स्थापन केलेली भारतीय गणितज्ञांची संस्था तेव्हा काम करीत होती. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, आणि तिच्या नियतकालिकात रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरील पहिला मोठा निबंध १९११ साली, म्हणजे केंब्रिजला पत्र जाण्यापूर्वीच, छापला गेला होता. नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्र राव यांनी काही काळ स्वत:च्या खिशातून दरमहा पैसे दिले होते. पोर्ट ट्रस्टमधील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर स्वत: गणितज्ञ होते आणि संध्याकाळी पाटी घेऊन रामानुजन यांच्याबरोबर बसत होते. एतद्देशीयांनी रामानुजन यांना ओळखले होते, आणि वेळेवर ओळखले होते. मात्र त्या ओळखीची पत बाजारात तीस रुपयांपलीकडे चालत नव्हती.

त्या पतीला उठाव आला तो इंग्रजी हस्ताक्षरांनी. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रा. ग्रिफिथ यांनी पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांना लिहिले. हा तरुण हिशेबनीस म्हणून कदाचित अगदीच सामान्य असेल, परंतु त्याच्या गुणांचा उपयोग होईपर्यंत त्याला सुखाने कामावर ठेवावे, असा त्या पत्राचा आशय होता. दुसऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला हा खरा गणितज्ञ आहे की आकडेमोडीची करामत करणारा पोर आहे, असा प्रश्न पडला होता. केंब्रिजच्या परीक्षेत अग्रक्रम मिळविलेले वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर १९१३ च्या फेब्रुवारीत मद्रासला आले आणि त्यांनी विद्यापीठाकडे शिफारस केली. पदवी नसलेल्या माणसाला संशोधनवृत्ती देण्याची सोय नियमात नव्हती. तरीही मे १९१३ पासून दरमहा ७५ रुपयांची वृत्ती मंजूर झाली. ही सारी माणसे सज्जन होती, आणि त्यांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु औदार्याची गरज कोठे भासते? जेथे हक्क नसतो तेथे. हा विचार मनात येण्यापूर्वीच बहुतेक चरित्रे पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

३

या वाङ्मयातील आद्य शब्दचित्र रामचंद्र राव यांचे आहे. ठेंगणा, स्थूल, दाढी वाढलेला, फारसा स्वच्छ नसलेला, काखेत जीर्ण वही असलेला आणि ज्याचे डोळे तेवढे तेजस्वी आहेत असा तरुण त्यांनी रंगविला. चित्र प्रामाणिक आहे, आणि लेखक स्वत:च्या अज्ञानाची कबुलीही मोकळेपणाने देतो. परंतु पुढील सर्व चरित्रकारांनी हेच चित्र उचलले, आणि मळक्या वेषातील दिव्य पुरुष हा एक साचा तयार झाला. संतचरित्रांचा ज्यांना परिचय आहे त्यांस हा साचा कोठून आला हे सांगावयास नको. साच्यामुळे लाभ झाला तो भक्तीचा. लोपली ती कचेरी. पोर्ट ट्रस्टमधील कारकुनी ही या कथेत केवळ अंधारकोठडी ठरते. तेथे काम कसे चाले, बढती कोणाला मिळे, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोन वर्णांच्या माणसांचे वेतन कसे ठरे, यांविषयी चरित्रे जवळजवळ मुकी आहेत. रंगनाथन यांनी नातलगांच्या व परिचितांच्या आठवणी चिकाटीने गोळा केल्या. त्यांच्या पुस्तकाचे मोल त्या संग्रहात आहे. विवेचनापेक्षा भाव त्यात अधिक आहे.

दुसरा साचा अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. रामानुजन यांना सूत्रे नामगिरी देवीच्या कृपेने स्फुरत, आणि त्यांची सिद्धता युरोपीय शिस्तीने द्यावी लागे, ही ती विभागणी होय. तिच्यात स्तुती आहे, परंतु श्रमविभाग वर्णावर आधारलेला आहे. पूर्वेने स्फुरण पुरवावयाचे आणि पश्चिमेने बुद्धी. ज्याला स्फुरते त्याचा गौरव होतो, पण त्याच्यावर काम सोपविले जात नाही. काम बुद्धीवर सोपविले जाते. कचेरीतील ‘नेटिव्ह’ हुशार आहे पण जबाबदारीस पात्र नाही, या नित्याच्या शेऱ्याचे हे उदात्त रूप आहे.

या विभागणीला सर्वांत स्पष्ट नकार हार्डी यांनीच दिला, हे विशेष. १९३६ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या पूर्वीच्या लेखनातील भावनेच्या भरात लिहिलेल्या वाक्यांविषयी नापसंती दर्शविली. रामानुजन हे पौर्वात्य गूढतेचे कोडे नव्हते, इतर थोर गणितज्ञांप्रमाणे तेही विचार करणारे, समंजस व व्यवहार जाणणारे गृहस्थ होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाला नंतरच्या वाङ्मयाने मान दिला, पण त्याचा उपयोग केला नाही. नंदी यांच्या गंभीर विवेचनाचा हेतू वसाहतवादी विज्ञानदृष्टीला आव्हान देण्याचा आहे. तथापि रामानुजन यांच्या गणिताची मुळे परंपरेच्या गूढ भूमीत शोधताना तीच विभागणी उलट्या मूल्यांनी कायम राहते. आधी जे हिणविले गेले ते आता गौरविले जाते, पण रेषा तेथेच राहते.

कॅनिगेल यांचे चरित्र या सर्वांत परिश्रमपूर्ण आहे. कुंभकोणम व मद्रास येथील माणसांना त्यांनी नावानिशी उभे केले, आणि केंब्रिजमधील वर्णद्वेषही लपविला नाही. तरी त्यांच्या ग्रंथाचा कणा तोच पत्राचा प्रसंग आहे. लेव्हिट यांची कादंबरी एका दृष्टीने अधिक प्रामाणिक ठरते. ती मुख्यत: हार्डींच्या बाजूने जग पाहते आणि ‘भारतीय कारकून’ शेवटपर्यंत बाहेरूनच दिसतो. शीर्षकात नाव नाही, हुद्दा आहे. परीक्षकाच्या दृष्टीची मर्यादा हाच कादंबरीचा विषय झाला असता तर ती फार मोठी कृती ठरली असती. तसे पूर्णांशाने घडलेले नाही. तिचे लक्ष हार्डींच्या अंतरंगाकडे अधिक आहे.

या साच्यांनी काय गमावले, हे त्याच मद्रासमधील एका विस्मृत नावावरून समजते. नुंगमबाक्कम येथील वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी शासकीय खगोलज्ञ नॉर्मन पॉगसन यांच्या हाताखाली अनेक वर्षे काम केले आणि ते प्रथम साहाय्यकाच्या पदापर्यंत पोहोचले. १८६७ साली त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला. १८७२ साली ते रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य झाले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी त्यांनी सामान्य लोकांसाठी अनेक भाषांत पुस्तिका काढल्या. १८८० साली त्यांचे निधन झाले. रात्रीमागून रात्री दुर्बिणीशी बसून अचूक नोंदी करणाऱ्या या माणसाचे गुण चमत्काराचे नव्हते. ते चिकाटी, कौशल्य आणि अचूकता यांचे, म्हणजे पात्रतेचे, होते. म्हणूनच त्यांच्यावर कादंबरी नाही, चित्रपट नाही, आणि शिक्षित वाचकांतही त्यांचे नाव ठाऊक असलेले थोडे. वाङ्मयाला चमत्कार हवा असतो हे खरे. परंतु वसाहतीतील कचेरीलाही तोच हवा होता, आणि या दोन गरजांचे जुळणे निरुपद्रवी नाही.

४

अलौकिकाची अट किती शब्दश: लागू होती, याचा पुरावा खुद्द केंब्रिजमध्ये सापडतो. १९१७ साली ट्रिनिटी महाविद्यालयाच्या फेलोपदासाठी रामानुजन यांचे नाव पुढे आले आणि नाकारले गेले. विरोधाला अनेक पदर होते. महायुद्धाचा काळ होता. बर्ट्रंड रसेल यांच्या हकालपट्टीच्या प्रकरणात हार्डी महाविद्यालयातील वरिष्ठांना अप्रिय झाले होते. परंतु काळ्या माणसाला फेलो करावयाचे नाही ही भाषाही तेथे उच्चारली गेली, हे लिटलवुड यांनी पुढे सांगून ठेवले आहे. २ मे १९१८ रोजी रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीने त्यांना फेलोपद दिले.

हा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. हार्डी १९०० साली ट्रिनिटीचे फेलो झाले आणि १९१० साली रॉयल सोसायटीचे सदस्य. लिटलवुड १९०८ साली फेलो झाले आणि १९१६ साली सदस्य. महाविद्यालयाचे फेलोपद हा होतकरू विद्वानाचा उंबरठा होता, आणि रॉयल सोसायटी हे सिद्ध कर्तृत्वाचे शिखर. रामानुजन यांच्या बाबतीत हा क्रम उलटला. शिखर गाठल्यावर उंबरठा ओलांडू दिला गेला. चरित्रकार हा प्रसंग न्यायाचा अखेरचा विजय म्हणून सांगतात. वास्तविक तो पूर्वग्रहाचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. इंग्रज तरुणाला जे आशेच्या बळावर मिळते, ते काळ्या माणसाला कीर्तीचे तारण ठेवल्यावर मिळाले.

यावर असा आक्षेप घेता येईल की, येथे मापच चुकीचे ठरविले जात आहे. सिद्धतेचा आग्रह हा वर्णद्वेष नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. लंडनचे प्रा. हिल यांनी रामानुजन यांच्या अपसारी श्रेणींच्या हाताळणीवर घेतलेली हरकत गणिती होती. मूळ संख्यांच्या वितरणाविषयीची रामानुजन यांची काही विधाने चुकीची होती, हे हार्डींनी दाखविले, आणि ते न दाखविणे हीच खरी अवहेलना झाली असती. माप सर्वांना एकच असावे. पूर्वग्रह मापात नव्हे, मापाड्यात असतो. तोच पायली एकासाठी सपाट भरतो आणि दुसऱ्यासाठी शीग लावल्यावाचून मोजत नाही. समीक्षेने मापाची निंदा करून मापाड्याला मोकळे सोडू नये.

मापाड्याला वगळून केवळ मापावर भिस्त ठेवण्याचा उपाय म्हणजे परीक्षा. मराठी वाचकाला याचे उदाहरण जवळचे आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले आणि पुढे सेंट जॉन्स महाविद्यालयाचे फेलो झाले. गुणांच्या आकड्याला रंग नसतो, हे त्या निकालाने दाखविले. परंतु तेथेही द्वार उघडले ते पहिल्या क्रमांकाला. आणि त्याच परीक्षापद्धतीने रामानुजन यांना दोनदा बाहेर टाकले होते. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती इंग्रजी निबंधामुळे गेली, आणि पचय्यप्पा महाविद्यालयातून दिलेल्या एफ. ए. च्या परीक्षेत ते गणितेतर विषयांत अनुत्तीर्ण झाले. गणिताच्या पात्रतेचा निर्णय राज्यकर्त्यांच्या भाषेवर अवलंबून ठेवणे, हे मापाड्याने आपला हात मापातच दडविण्यासारखे होते.

या अनुभवाला एकट्या रामानुजन यांचे नाव देणेही योग्य नाही. रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य, मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी, १८४१ साली कंपनीच्या कारखान्यात मुख्य अभियंता झाले. त्यांच्या हाताखाली युरोपीय कामगार येणार म्हणून मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्राने कुरकुर केली होती. जगदीशचंद्र बोस १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले तेव्हा भारतीय म्हणून त्यांना कमी वेतन देऊ करण्यात आले, आणि त्यांनी ते तीन वर्षे स्वीकारले नाही. काम तेच आणि मोबदला वर्णाप्रमाणे, ही त्या नोकरशाहीची रीत होती. दोघेही असामान्य होते म्हणून त्यांची नावे उरली. सामान्य पात्रतेच्या हजारो नोकरांची नोंद वेतनपत्रकांतच संपली.

५

येथवरचे विवेचन गोऱ्या मापाड्याचे झाले. परंतु ते येथेच थांबले तर अर्धसत्य ठरेल. मद्रासमध्ये रामानुजन यांना हाती धरून वर नेणारी साखळी कोणाची होती? अय्यर, राव, आणि त्यांच्या ओळखीने उघडलेली इंग्रजांची दारे. निर्धन रामानुजन यांच्यापाशी धन नव्हते, परंतु त्या साखळीत हात घालण्याचा जन्मसिद्ध अधिकार होता. त्याच शहरात डिसेंबर १९१६ मध्ये पी. त्यागराय चेट्टी यांनी ब्राह्मणेतरांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि सरकारी नोकऱ्यांतील एका जातीच्या वर्चस्वाचा हिशेब मांडला. रामानुजनविषयक ग्रंथांत या जाहीरनाम्याला जागा मिळालेली नाही. वरून वर्णाने तोलला जाणारा समाज खाली जातीने तोलीत होता, ही गोष्ट चमत्कारकथेत बसत नाही.

ज्या कुंभकोणममध्ये रामानुजन वाढले, तेथेच १८२८ साली तंजावरी मराठी घराण्यातील टी. माधवराव यांचा जन्म झाला होता. त्यांचे शिक्षण मद्रासला झाले. तथापि त्यांच्या कर्तृत्वाला पूर्ण वाव मिळाला तो त्रावणकोर, इंदूर आणि १८७५ पासून बडोदे या संस्थानांत. इंग्रजी मुलखात वरची पायरी बंद होती, संस्थानात ती उघडी होती. पण ती कोणाला उघडी होती? त्याच बडोद्यात बेचाळीस वर्षांनी, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले भीमराव आंबेडकर दरबारच्या नोकरीसाठी आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. आपली ओळख लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ट्रिनिटीने रामानुजन यांना नाकारले तेही १९१७ सालीच. दोन्ही ठिकाणी पात्रतेचा कागद पुरा होता.

आंबेडकरांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात सांगितला आहे. ते त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले नाही. रामानुजनविषयक वाङ्मयाशेजारी ते ठेवले म्हणजे दोन्हींतील भेद ठळक होतो. तेथे परीक्षक बोलतात, येथे ज्याची परीक्षा झाली तो बोलतो. तेथे प्रतिभेचे वर्णन आहे, येथे लेखक आपल्या विद्वत्तेचा आधारच घेत नाही. परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, एवढे तो सांगतो आणि मग खोली मिळाली नाही याचा निव्वळ वृत्तान्त देतो. ही एवढी विद्वत्ता आणि हा असा अपमान, अशी तुलना त्याने केली असती तर वाचक अधिक हळहळला असता, पण मुद्दा निसटला असता. कारण मग पदवी नसलेल्या माणसाचा अपमान क्षम्य ठरला असता.

हे ओळखूनच की काय, त्या छोट्या पुस्तकाच्या अखेरीस आंबेडकर स्वत:ला बाजूला सारून एका साध्या तरुणाची हकीकत देतात. हा भंगी समाजातील मुलगा परीक्षा उत्तीर्ण होऊन खेडा जिल्ह्यातील बोरसद तालुक्यात तलाठी म्हणून नेमला गेला. कचेरीतील कारकुनाने त्याला दूर उभे केले, पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, आणि गावकऱ्यांच्या धमक्यांपुढे अखेर त्याला नोकरी सोडावी लागली. हा मुलगा प्रतिभावंत होता असे आंबेडकर म्हणत नाहीत. तो तलाठ्याचे काम करण्यास लायक होता, आणि त्या कामाला तेवढीच लायकी लागत होती.

पोर्ट ट्रस्टचा कारकून आणि बोरसदचा तलाठी यांना एकाच पंक्तीत बसविणे काहींना रुचणार नाही. रामानुजन यांच्या प्रतिभेचे मोल यामुळे तिळमात्र कमी होत नाही, ते गणिताच्या इतिहासात निश्चित झालेले आहे. प्रश्न वाङ्मयाचा आहे. रामानुजन यांचे पुढील चरित्र लिहिणाऱ्याने केंब्रिजच्या त्या रात्रीला थोडी कमी पाने द्यावीत, आणि मद्रासच्या कचेरीला, तेथील श्रेणींना, वेतनांना, शिफारसपत्रांना, नारायण अय्यरांच्या पाटीला व रघुनाथाचार्यांच्या नोंदवह्यांना अधिक पाने द्यावीत. त्या पानांत चमत्कार कमी असेल. परंतु अनुकूल पारखी न भेटलेला, फेलो न झालेला आणि आपले नेमून दिलेले काम नीट करू शकणारा माणूस वाचकाला तेथे भेटेल. पात्रतेचा न्याय त्याला कसा मिळाला, यावरूनच त्या काळाची पारख करता येईल, आणि या काळाचीही.